तो आला नाही तर करमत नाही, आला तर धडधड होते

हिंगोली जिल्ह्यातल्या 41 वर्षांच्या एका शेतकऱ्यानं विचारलंय. त्यांच्याच शब्दांत, थोडं कमी करून:

“चार एकर रान हाय. आई गेल्या वर्षी गेली. बायको लेकरांच्या शिक्षणासाठी नांदेडला खोली करून राहती. भाऊ चाकणला कंपनीत. मी आखाड्यावर, रानातल्या घरी, एकटाच. एक मित्र रोज दिवस मावळला की गाडीवर येतो. मला डेंग्यू झाला तवा त्यानंच दवाखान्यात नेलं. पेरणीला 60,000 दिले, व्याज घेत नाही. पण सारखं म्हणतो, ‘तुला माझ्याबिगर कोण हाय?’ गावात कुणाकडं जेवलो तर दोन दिवस बोलत नाही. बायकोबद्दल काहीबाही सांगतो. एकदा रात्री एक वाजता जाग आली तर बाजेपाशी बसलेला. हाक नाही, बत्ती नाही. कुत्रं पण भुंकलं नाही, त्याला रोज भाकर तोच टाकतो. सकाळी म्हणला, ‘तू झोपेत बोलतोस.’ आता म्हणतोय, पैशाच्या भरवशाला दोन एकराचं नावापुरतं खरेदीखत करून ठेवू. तो आला नाही तर करमत नाही, आला तर छातीत धडधड होती. हा मित्र हाय का काय हाय? तोडू का?”

भाऊ, आधी एकच सांगते. खरेदीखतावर सही करू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आज ठरवा.

नावापुरतं खरेदीखत असं काही नसतं. दुय्यम निबंधकाकडं नोंदलेलं खरेदीखत म्हणजे विक्री. त्यावरून फेरफार होतो आणि सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. पैसे फिटले की जमीन परत, ही अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर कायदा त्या व्यवहाराला गहाण मानत नाही. वेगळ्या बाँडवर लिहून घेतलेली चिठ्ठी त्याला पुरत नाही. 2014 च्या सावकारी कायद्यात बळकावलेली जमीन परत मिळवायची वाट आहे, मागच्या 15 वर्षांतल्या व्यवहारांची चौकशी जिल्हा उपनिबंधक करू शकतात. पण ती सावकारीत गेलेल्या जमिनीची वाट. तुमचा मित्र व्याज घेत नाही, तो सावकार ठरेलच असं नाही. म्हणजे सही केल्यावर ते दारही तुमच्यासाठी उघडेल याची खात्री नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. उत्पन्न मर्यादेत बसत असेल तर वकील फुकट मिळतो. एकदा जाऊन कागद दाखवा.

मी वकील नाही. बावीस वर्षं मानसिक आरोग्याच्या कामात समुपदेशक आहे, परभणी-हिंगोली भागातच. तरी हे मला तोंडपाठ झालंय, कारण झोप येत नाही म्हणून आलेल्या माणसाच्या झोपेचं कारण कितीदा तरी असल्या एखाद्या कागदात सापडतं.

आता तुमचा खरा प्रश्न. तुम्ही तो दोन वाक्यांत मांडलात आणि दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. तो आला नाही तर करमत नाही, आला तर धडधड होते. पुष्कळ लोक मला म्हणतात, यातलं एक काहीतरी खोटं असेल ना? नसतं. ज्याच्यावाचून करमत नाही त्याचीच भीती वाटावी, असं होतं. आणि त्यात तुमचा कमकुवतपणा नाही.

“मला एकटेपणा वाटतो” असं इतक्या वर्षांत एकाही शेतकऱ्यानं येऊन मला सांगितलेलं नाही. ते म्हणतात करमत नाही, जीव लागत नाही, घर खायला उठतं. त्याहून जास्त जण म्हणतात, अंग दुखतं, गळून गेल्यासारखं होतं, एक ताकदीची सलाईन लावा. तपासलं तर रक्त ठीक, साखर ठीक. मग मी विचारते, काल संध्याकाळी कुणाबरोबर जेवलात? तिथं माणूस थांबतो. तुमच्या पत्रातही जेवणाचा उल्लेख एकदाच आहे, दुसऱ्याकडं जेवलो तर तो रुसतो म्हणून. आखाड्यावर तुम्ही काय शिजवता, ताट घेऊन कुठं बसता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला ते विचारायचं आहे.

तुमच्या आखाड्यावर पूर्वी कोण कोण यायचं ते आठवून बघा. वडिलांच्या काळी एक बैलजोडी तुमची, एक शेजाऱ्याची, म्हणजे सावड आलीच. खुरपायला बायांची पात आठ-आठ दिवस रानात. ज्वारी हुरड्यात आली की गोफण घेऊन पोरं माळ्यावर. काढणी, कणसं मोडणं, खळं, आणि खळ्यावर राखणीला रात्री दोघं-तिघं झोपायचे. मी मूळची औशाकडची. आमच्याकडं वेळा अमावस्येला रानात कडब्याची कोपी करतात, भज्जी आणि आंबील असते. माझे वडील बांधावर उभे राहून रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारायचे. त्या दिवशी कुणी उपाशी जाता कामा नये, एवढंच त्यांना ठाऊक. आपण माणसं जोडायला म्हणून हे करतोय, असं त्यांच्या मनातही नसेल. काम आणि सण असे होते की माणूस आपोआप येत होता.

आता सोयाबीन आहे. पेरणी ट्रॅक्टरनं, खुरपणीच्या जागी तणनाशक, काढणी गुत्त्यानं, टोळी बाहेरगावची, आणि मळणीयंत्र दोन तासांत धूळ उडवून पुढच्या रानात. सोयाबीननं घरात पैसा आणला हे मी नाकारत नाही, माझ्या सासरची दोन पोरं त्याच पैशावर शिकली. पण हंगामात रानात येणाऱ्या माणसांचे दिवस त्यानं कमी केले. त्यात वीज रात्रपाळीची आली की तुम्ही रात्रभर पाण्यावर आणि दिवसा झोपेत. गाव पारावर बसतं तेव्हा तुम्ही निजलेले, तुम्ही जागे असता तेव्हा गाव निजलेलं. बायकांना निदान बचत गटाची महिन्याची बैठक तरी असते. चाळिशीच्या पुरुषाला हक्कानं जाऊन बसायला काय आहे? पानटपरी, नाहीतर धाबा. तो पीत नसेल तर तेही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2025 साली अहवाल काढला, त्यात जगातल्या दर सहा माणसांत एकाला एकटेपणा छळतो असं म्हटलंय. हे शहरातलं दुखणं, असं अजून पुष्कळांना वाटतं. त्यांनी नोव्हेंबरात दिवेलागणीला एखाद्या आखाड्यावर तासभर बसून बघावं.

तर अशा रिकाम्या जागेत एक माणूस रोज येऊ लागला. डेंग्यूत उचलून नेलं, पेरणीला पैसे दिले. त्याचं मोल कमी करू नका, आणि आता भीती वाटते म्हणून तेव्हाचं प्रेम खोटं होतं असंही म्हणू नका. पण या रिकामेपणाचा एक परिणाम तुम्हाला माहीत असायला हवा. शिकागो विद्यापीठात जॉन कॅसिओपो नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, 2018 मध्ये वारले. पुष्कळ वर्षं एकटेपणाचा अभ्यास केला. ते म्हणायचे की एकटेपणा भुकेसारखा आहे, शरीर सांगतंय की माणसांकडं जा. पण तो फार दिवस राहिला की उलटं व्हायला लागतं. मन पहाऱ्यावर बसतं. साध्या बोलण्यात टोमणा दिसतो, हसण्यात डाव दिसतो. झोप तुटक होते. ज्याला माणसाची सगळ्यात जास्त गरज, तोच माणसाला भिऊ लागतो.

म्हणून तुमची धडधड ऐकताना मला दोन शक्यता समोर ठेवाव्या लागतात. एक, माणूस खरंच धोक्याचा आहे आणि तुमचं मन बरोबर सांगतंय. दुसरी, माणूस साधा आहे आणि इतक्या दिवसांचा एकटेपणा तुमच्या डोळ्यांवर बसलाय. फरक कसा ओळखायचा? मी विचारते ते असं. तुम्हाला संशय त्याचाच येतो की सगळ्यांचाच? दुकानदाराचा, बायकोचा, भावाचा? रात्रभर झोपून उठल्यावरही तसंच वाटतं की जागरणानंतरच? आणि ती धडधड नुसत्या मनातल्या विचारानं होते, की त्यानं केलेल्या, बोललेल्या ठरावीक गोष्टीला जोडलेली असते?

तुमच्या पत्रात इतर कुणाबद्दल संशयाचा शब्द नाही. बायकोबद्दलही तो सांगतो, तुम्ही नाही. आणि तुमची भीती ठरावीक गोष्टींना जोडलेली आहे. दुसरीकडं जेवलात तर रुसणं. बायकोविषयी मन कलुषित करणं. माझ्याबिगर कोण, असं सारखं ऐकवणं. मग जमीन. हे चारही एकाच दिशेला जातं भाऊ. तुमच्याभोवती जी थोडी माणसं उरलीत ती दूर व्हावीत आणि त्यानंतर सगळा भार एका माणसावर यावा, अशी ती दिशा आहे. त्यानं हे ठरवून केलं असेल किंवा त्याच्याही नकळत घडत असेल. तुमच्यावर परिणाम तोच. त्यामुळं तुमची धडधड मी बहुतेक खरी धरते.

‘बहुतेक’ म्हणाले, ते त्या रात्रीमुळं.

रात्री एक वाजता आपलं घर सोडून दुसऱ्याच्या बाजेपाशी अंधारात गप्प बसणारा माणूस तुम्हाला भीतीदायक वाटणारच. मलाही वाचताना काटा आला. पण माझ्या खोलीत असा बसणारा माणूसही येऊन गेलाय. (तपशील बदलून सांगते.) गंगाखेडकडचा, पन्नाशीचा. मुलगा अपघातात गेल्यावर त्याला स्वतःच्या घरात रात्र काढवत नव्हती. तो उठून मित्राच्या रानात जायचा आणि मित्राचा श्वास ऐकत बसायचा. “कुणीतरी झोपलेलं हाय, एवढं ऐकू आलं की बरं वाटायचं,” असं म्हणाला होता. मित्रानं घाबरून त्याला चोर ठरवलं, गावात बोभाटा झाला. तुमचा मित्र तसाच आहे असं मी म्हणत नाही. पण एक वाजता त्याच्या घरी काय चालतं, कोण असतं, त्याला झोप येते का, हे तुम्हाला ठाऊक आहे का? तुमच्या पत्रात त्याच्या घराबद्दल एक ओळ नाही. रोज येणाऱ्या माणसाच्या बायकोचं, लेकरांचं काहीच कसं येत नाही, यावर मी बराच वेळ थांबले.

हे त्याला विचारायचं. दिवसा, दुसरं कुणी आसपास असताना, काम करता करता. समोरासमोर बसून, डोळ्यात डोळे घालून पुरुषांना बोलता येत नाही, निदान आपल्याकडच्यांना नाही. पाईप जोडताना, कडबा रचताना बोलता येतं. “त्या रात्री तू आलतास. मी भ्यालो. काय झालं होतं?” एवढंच. तो रडला तर एक गोष्ट कळेल. चिडला, किंवा “मी आलोच नव्हतो” म्हणाला, तर दुसरी कळेल.

आता तोडायचं का?

माझी एक चूक सांगते. कामाला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. असाच एक शेतकरी, असाच एक मित्र, फक्त तिथं दारू होती. मी स्पष्ट सांगितलं, आजपासून संबंध बंद. त्यानं ऐकलं. दोन महिन्यांनी त्याची बहीण त्याला हाताला धरून घेऊन आली, अर्धा झाला होता. खात नव्हता, अंघोळ नाही, बोलणं नाही. मी त्याचा एकुलता एक माणूस काढून घेतला होता आणि त्या जागी काहीच ठेवलं नव्हतं. तो वाचला, पण ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून आधी दुसरी माणसं उभी करते, मग तोडण्याचं बोलते. पुष्कळदा मग तोडावं लागतच नाही, ते आपोआप आपल्या मापाला येतं.

अर्थात त्यानं हात उगारला, धमकी दिली, किंवा सहीसाठी जबरदस्ती केली, तर यातलं काही लागू नाही. तेव्हा आखाडा सोडून गावात या आणि पोलिसात जा.

जमिनीच्या कागदाला नकार कसा द्यायचा? लांब कारणं देऊ नका, तो एकेक खोडून काढेल. “बायकोला विचारल्याबिगर मी कागदाला हात लावत नाही.” दहा वेळा विचारलं तर दहा वेळा हेच. या एका वाक्यानं दोन कामं होतात, नकारही जातो आणि तुम्हाला बायको आहे हेही त्याला ऐकू येतं. त्याच्या 60,000 चं मात्र त्याच वेळी बोला. सोयाबीन विकल्यावर इतके, हरभऱ्यावर इतके, असे हप्ते सांगा आणि पैसे त्याच्या खात्यावरच टाका, रोख देऊ नका. पहिला हप्ता पाच हजारांचा असला तरी चालेल. उपकाराचा भार थोडा उतरला की तुमची मान वर होईल, आणि त्याचा चेहरा पैसे परत घेताना कसा होतो तेही बघा. दिलेले पैसे परत मिळतायत म्हणून वाईट वाटणारा माणूस पैशाकडं वेगळ्याच नजरेनं बघत असतो.

एखाद्या लहान गोष्टीला आधी ‘नाही’ म्हणून बघितलं तरी चालेल. “आज येऊ नको, मी गावात जेवायला चाललो.” खरा मित्र कुरकुरेल, चार शब्द बोलेल, आणि परवा येईल.

आणि गावात खरंच जा. कुठं, असं तुम्ही विचाराल. गप्पा मारायला जायचं नाही, तुम्हाला ते आता जड जाईल. काम असेल तिथं जा. गावात सप्ताह बसला की पंगतीत वाढायला उभे राहा. वरणाची बादली हातात असली की कुणाशी काय बोलू हा प्रश्न पडत नाही, आणि शंभर माणसं तुमच्याकडं बघून “इकडं, इकडं” म्हणतात. हरिपाठाला मागं बसलात तरी चालेल. शेजारच्या रानवाल्याकडं जाऊन एक मदत मागा, मोटार उचलू लागायला ये म्हणून. द्यायला आपण तयार असतो, मागायला लाजतो. पण मागितल्याशिवाय समोरच्याला तुमच्या आखाड्यावर यायचं निमित्त मिळत नाही. कुत्र्याला भाकर तुम्ही स्वतः टाका. हसू नका, ही मला महत्त्वाची गोष्ट वाटते. तुमच्या दारचं कुत्रं कुणाला ओळखतं, हे तुमच्या हातात असलं पाहिजे.

बायकोला आज रात्री फोन करा. त्यानं काय काय सांगितलं ते विचारायला नाही. “मला इथं करमत नाही,” एवढं बोला. ती नांदेडात दोन लेकरं, भाडं आणि क्लासची फी सांभाळत एका खोलीत बसलीय, तिलाही कुणी विचारत नसेल. तुम्ही दोघं लेकरांच्या मार्कांशिवाय शेवटचं कशावर बोललात? आठवडी बाजाराच्या दिवशी ती इकडं किंवा तुम्ही तिकडं, महिन्यातून दोनदा, असं काही ठरवता येईल. तिकिटाचा खर्च होईल. तो करा.

आता एक प्रश्न विचारते आणि तुम्ही स्वतःशी खरं उत्तर द्या. गेल्या महिन्यात कधी असं मनात आलं का, की आपण नसलेलं बरं? हे विचारल्यानं माणसाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. असलेला बाहेर येतो, आणि माणूस हलका होतो. आला असेल तर फवारणीची औषधं आखाड्यावर ठेवू नका. गावातल्या घरी पेटीत कुलूप लावून ठेवा आणि किल्ली चुलतभावाकडं द्या. तो विचार बहुतेकदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. लाट आली तेव्हा डबा हाताशी नव्हता म्हणून वाचलेली माणसं मी पाहिलीत, आज नातवंडं खेळवतात. टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा, तिचा नंबर 14416. फुकट आहे, रात्री एकलाही लागतो आणि मराठीत बोलतात. हाच प्रश्न तुमच्या मित्रालाही विचारा. रात्री बाजेपाशी येऊन बसणाऱ्याला तर नक्की विचारा.

छातीतल्या धडधडीसाठी एकदा ईसीजी काढून घ्या. मनाचंच असेल असं धरून बसायचं नाही. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, तिथल्या डॉक्टरांनाही भेटा. झोपेची गोळी मेडिकलवरून परस्पर घेऊ नका.

तिथं जाताना बायकोला घेऊन जा. मित्र येतो म्हणाला तर त्यालाही न्या, आत मात्र एकेकटे जा. तुम्ही बाहेर बाकावर बसा आणि त्याला आधी जाऊ द्या.